पोरांच्या वहीत अडलेली तीन नावं: दोन फुलं आणि एक मासा

हिरडसमावळ
17 जून, रात्री 9:20

नमस्कार मंडळी. मी भोर तालुक्यात, नीरेच्या वरच्या खोऱ्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. दोन शिक्षकी शाळा, पट एकवीस. गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही एक वही घातली आहे. दोनशे पानी, लांब. पोरांनी परसात, बांधावर, ओढ्यात काय दिसलं ते शाळेत येऊन सांगायचं आणि एकेका पानावर ते उतरवायचं. पानाला चार रकाने: काय दिसलं, कुठं दिसलं, नाव काय, आणि नाव कोणी सांगितलं. आजवर एकसष्ट पानं भरली. निम्म्याहून जास्त पानांवर शेवटच्या रकान्यात कुणाची ना कुणाची आजी आहे.

तीन पानांवर नावाचा रकाना मात्र लिहून खोडून काळा झालाय. तुमच्यातल्या जाणकारांनी मदत करावी म्हणून हा धागा.

पान 34. एप्रिलमध्ये सकाळची शाळा होती तेव्हा चौथीतली एक मुलगी सांगत आली, "बाई, आमच्या न्हाणीमागं जमिनीतनं फूल आलंय, झाडच नाही त्याला." मला वाटलं, कुणीतरी फूल तोडून मातीत खोचलं असेल. शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर गेले. खरोखर जमिनीला टेकून फूल होतं. पान एकही नाही, दांडा म्हणावा असा दांडा नाही. पांढऱ्या, अरुंद, लांब पाकळ्या आणि समोर दोन भागांत चिरलेली रुंद पाकळी फिकट जांभळी. गुडघे टेकून वाकले तेव्हा वास आला, गोड आणि गार. सकाळी टवटवीत होतं म्हणे, मी पोचले तेव्हा साडेबाराच्या उन्हात मान टाकलेली. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारीच दुसरं आलं. मुलीच्या आजीनं एका शब्दात सांगितलं, "चाफा." मी म्हटलं, आजी, चाफा तर झाडाला येतो. त्या म्हणाल्या, "मग हा भुईला येतो." माझ्या सहकारी सरांच्या मते ती रानहळद. फोनमधल्या ॲपनं एकदा ऑर्किड सांगितलं, एकदा केशर. आता मे महिना मध्ये गेला, फुलं संपली, तिथं सध्या नुसती ओली माती आहे.

पान 47. हे पान माझ्याच दारचं. शाळेच्या पायरीच्या दोन्ही बाजूंना लावायला मी मागच्या पावसाळ्यात एका नर्सरीतून अनंताची दोन रोपं आणली. माझ्या माहेरी विहिरीजवळ अनंत होता. आई सकाळी एक फूल तांब्याभर पाण्यात ठेवायची आणि माजघर दिवसभर त्या वासानं भरलेलं असायचं. तो वास पोरांच्या शाळेला असावा, एवढीच इच्छा होती. रोपं छान वाढली, पांढरी शुभ्र, भरगच्च पाकळ्यांची फुलं आली. पण वास नाही. संध्याकाळी नाक अगदी जवळ नेलं तर थोडासा जाणवतो. मी पोरांना 'अनंत' लिहायला सांगितलं. तिसरीतला एक मुलगा पेन खाली ठेवून म्हणाला, "बाई, आमच्या अनंताला चीक येत नाही." शाळेतल्या झाडाचं पान खुडलं की दुधासारखा पांढरा चीक येतो, हे त्यानं पाहून ठेवलं होतं. मी त्याला म्हटलं, जात वेगळी असेल. तेव्हापासून मला चैन नाही. मी बरोबर आहे की तो?

पान 61. हे सांगताना मला फार वाईट वाटतं आहे.

परवा शाळा उघडली. त्याआधी चार दिवस पाऊस झाला होता, शाळेमागचा ओढा वाहता झालाय. हा ओढा पुढं नीरा-देवघरच्या जलाशयाला मिळतो. मधल्या सुट्टीत पोरांनी खडकांवर चिकटलेले मासे धरून आणले. हाताच्या मधल्या बोटाएवढे, वरून मातकट हिरवे, पोटाकडं पांढरट. बादलीच्या आतल्या बाजूला असे चिकटले होते की बादली तिरकी केली तरी सुटेनात. तेवढ्यात गावातला एक तरुण आला. शिकलेला, चांगला मुलगा आहे. तो म्हणाला, "बाई, हा सकर मासा. मत्स्यालयातला परदेशी. धरणात यानं वाट लावली आहे, परत सोडायचा नसतो, मारायचा." उजनीच्या सकरबद्दल मीही पेपरात वाचलं होतं. मी काही बोलले नाही. पोरांनी सहा मासे काठावरच्या खडकावर टाकले. दोन मिनिटं तडफडत होते. पाचवीतली एक मुलगी माझ्याकडं बघत होती, मी काहीतरी म्हणेन म्हणून.

सातवा बादलीत राहिला होता. त्याचे फोटो काढले, मग मीच त्याला ओढ्यात सोडला. मारायला हात झाला नाही. फोटो जोडते आहे, एक वरून आणि एक बादलीच्या कडेचा. तो सकर होता का? नसेल तर तसं स्पष्ट सांगा, मला ऐकायचं आहे.

---

डोंगरवाटा
17 जून, रात्री 10:05

ताई, चिकटणारा मासा म्हणजे सकरच. त्याला मारलं ते योग्यच झालं, मनाला लावून घेऊ नका. हे मासे किनाऱ्याच्या मातीत बिळं करतात, जाळी फाडतात, आणि एकदा सुटले की आवरत नाहीत. सातवा सोडायला नको होता.

---

परसदार
18 जून, सकाळी 7:15

बाई, माशातलं मला कळत नाही, ते कळणारे सांगतील. फुलांचं सांगते. चाळीस वर्षं वाईला परस सांभाळला आहे.

पान 34 वर आजींचं नाव जसंच्या तसं लिहा. त्या अगदी बरोबर आहेत. तो भुईचाफा. आपल्याकडं वास गोड आला की माणसानं त्याला चाफा म्हटलं, म्हणून चाफे इतके झाले आणि एकमेकांचे कुणी लागत नाहीत. सोनचाफा मोठा वृक्ष. देवळापुढचा पांढरा देवचाफा चिकाचा. हिरवा चाफा ही वेलासारखी चढणारी झुडूपवजा वेल, तिच्या फुलाचा देठच आकड्यासारखा वळलेला असतो आणि त्या आकड्यानं ती चढते. नागचाफा आणखी निराळा. आणि भुईचाफा तर आल्या-हळदीच्या घरातला. तुमच्या सरांनी रानहळद म्हटलं ते म्हणूनच, भावकी बरोबर ओळखली, घर चुकलं.

रानहळदीचं फूल तुम्हाला एकटं कधी दिसणार नाही. पावसाच्या तोंडावर तिचं जाडसर कणीस वर येतं, त्यावर एकावर एक खवले, टोकाचे गुलाबी, आणि त्या खवल्यांच्या खिशांतून लहान पिवळी फुलं डोकावतात. भुईचाफ्याला कणीस नाही, खवले नाहीत. कंदातून थेट फूल, सकाळी उमललं की दुपारपर्यंत त्याचं आयुष्य. तुम्ही पाहिलेली चिरलेली जांभळी पाकळी, तीच त्याची खूण.

मनात शंका राहिली असेल तर ती जागा खणू नका, थांबा. पाऊस लागला की तिथंच पानं येतील, सुरुवातीला गुंडाळलेल्या सुरनळीसारखी. उलगडली की पान उलटं करा. वरून हिरव्यावर गडद-फिकट पट्टे दिसतील आणि खालची बाजू जांभळी असेल, वांग्याच्या सालीसारखी. मग विचारायची गरजच नाही. पावसाळा संपला की पानं पिवळी पडून जातील आणि लोकांना वाटेल झाड मेलं. त्या मुलीच्या घरच्यांना सांगून ठेवा, तिथं उन्हाळ्यात फावडं मारू नका म्हणावं.

आता पान 47. बाई, तो मुलगा बरोबर आहे. तुमच्या पायरीशी अनंत नाही, डबल तगर आहे. नर्सरीत ही अदलाबदल फार होते, माझ्याही वाट्याला आली आहे. चीक हीच पहिली परीक्षा. तगर, कण्हेर, देवचाफा ही एका कुळातली मंडळी, पान खुडलं की दूध. अनंत कॉफीच्या कुळातला, त्याला चीक नाही. मुलांना सांगा, तो चीक डोळ्यांकडं जाऊ द्यायचा नाही, हात धुवायचे.

चिकाशिवायही ओळखता येतो. अनंताची कळी बघा, पिळलेल्या वातीसारखी हिरवट, आणि तिच्या तळाशी लांब लांब हिरवी टोकं. फूल उमलतं तेव्हा पांढरं, मग साईसारखं, आणि गळायच्या आधी चक्क पिवळं पडतं. तगरीचं फूल असं पिवळं होत जात नाही. तिच्या पाकळ्यांच्या कडा चुणीदार असतात, आणि एकेरी तगर असेल तर फूल भिरभिऱ्यासारखं एका बाजूला वळलेलं. अनंताचा वास दारातून घरात येतो, तगरीचा वास आपण वाकून घ्यायचा.

तगर काढू मात्र नका. बारा महिने फुलते, फारसं काही मागत नाही, पूजेला चालते. अनंताची फांदी मी देते. पावसाळ्यात काडी लागते, पेन्सिलीएवढी घ्यायची, खालची पानं काढायची, सावलीत ठेवायची.

एक सांगायचं राहिलं. श्रावण-भाद्रपदात पोरं तुमच्याकडं गौरीचे हात घेऊन येतील. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं फूल, पाकळ्या मागं उलटलेल्या, आणि पानाचं टोक वळून दोरीसारखं कशालाही गुंडाळलेलं. तिला कळलावी म्हणतात, अग्निशिखा म्हणतात, खड्यानाग म्हणतात. वहीत जरूर घ्या, पण त्या पानावर लाल पेनानं 'विषारी' लिहा. सगळं झाड विषारी आहे, कंद आणि बिया सगळ्यात जास्त. कंद जमिनीत नांगराच्या फाळासारखा असतो, भुकेल्या पोराला रताळ्यासारखा वाटावा असा. संस्कृतात तिचं नाव लांगली, ते या नांगरावरूनच. बघायचं, चित्र काढायचं, गौरीला वाहायचं, पण खणायचं नाही आणि तोंडात घालायचं नाही.

---

भीमेचा भोई
18 जून, दुपारी 2:30

मॅडम नमस्कार. मी उजनीच्या पाण्यावर जाळं टाकतो. आजा, बाप सगळे याच धंद्यात. धरण व्हायच्या आधी भीमेत मारायचे, आता फुगवट्यात मारतो. लिहायची फार सवय नाही, पण तुमचा फोटो बघितला आणि राहवलं नाही.

हा सकर नाही. हा मळ्या आहे. आपला मासा.

डोंगरवाटा दादा, तुमचं सकरबद्दलचं खरं आहे, पण सगळे चिकटणारे मासे सकर नसतात. मी सकर रोज हातात धरतो म्हणून सांगतो. सकरच्या अंगावर खवलं नसतं, हाडाच्या पट्ट्या असतात, चिलखतावानी. हात फिरवला तर किसणी. पाठीवरचा पर शिडासारखा उंच उभा राहतो. अंगभर काळेकरडे ठिपके, नागमोडी नक्षी. जाळ्यात आला की काटे अडकतात, मग मासा काढायचा तर जाळं कापावं लागतं. आम्हाला तो नकोसा झालाय ते खरंच.

मळ्याचं अंग मऊ, बारीक खवलं, काठीसारखं गोल. पाठीवरचा पर लहान. आणि मोठी गोष्ट ही की सकर ओठांनी चिकटतो, त्याचं तोंडच चिकटायचं. मळ्याचं तोंड खाली असतं, आणि तोंडाच्या मागं हनुवटीवर एक वाटोळी चकती असते. त्या चकतीनं तो दगड धरतो आणि तोंड मोकळं राहतं, दगडावरचं शेवाळ खरवडायला. तुमचा दुसरा फोटो मोठा करून बघा, चकतीची कड दिसती आहे.

ओळखायची रीत सांगतो. काचेची बरणी घ्या, ओढ्याचंच पाणी भरा, मासा सोडा. तो काचेला चिकटला की दुसऱ्या बाजूनं बघायचं. मिनिटात बघून परत वाहत्या पाण्यात सोडायचा, जिथून आणला तिथंच. बादलीतलं पाणी तापलं की हा मासा दमतो. याला पळतं पाणी लागतं. सकर उलट आहे, घाण पाण्यातही जगतो. वरच्या अंगाला, डोंगरातल्या खळाळत्या ओढ्यात मळ्या, मुऱ्या असेच मासे असायचे. मुऱ्या म्हणजे वाळूवर पडून राहतो तो बारीक, अंगावर पट्टे, तोंडाला मिशा. तोही तुमच्या ओढ्यात मिळेल, बघा पोरांना सांगून.

अजून दोन-तीन सांगून ठेवतो, वहीला उपयोगी पडतील. मरळ डोक्यावरनं ओळखायचा, सापासारखं चपटं डोकं, त्यावर मोठी खवलं, आणि पाठीवरचा पर डोक्यामागून शेपटीपर्यंत सलग. हवा घ्यायला वर येतो. डबक्यात लालभडक बारीक पिल्लांचा घोळका एकत्र फिरताना दिसला तर ती मरळची पिल्लं, आणि खाली आईबाप राखणीला असतातच. माझा बाप म्हणायचा, घोळका दिसला की गळ गुंडाळायचा. वाम लांब, सापासारखी, नाकाचं टोक पुढं आलेलं, पाठीवर बारीक काट्यांची रांग. शिंगट्याला मिशा आणि कल्ल्याजवळ काटा. काटा घुसला की हात सुजतो, पोरांनी धरू नये.

आणि चिलापी. आता आमच्या जाळ्यात सगळ्यात जास्त तीच. लोक तिला गावठी समजतात एवढी रुळली, पण ती आफ्रिकेची आहे. मादी अंडी तोंडात धरून राखते, म्हणून टिकती.

ते सहा मासे गेले ते गेले मॅडम. ओढ्यात अजून आहेत. तुम्ही विचारलं ते बरं केलं, नाहीतर पुढच्या वर्षीही पोरांनी मारले असते.

---

डोंगरवाटा
18 जून, दुपारी 3:10

दादा, फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. हनुवटीवर चकती आहे. माझं चुकलं. ताई, माझ्या पहिल्या उत्तरावर जाऊ नका.

---

मुठेकाठचा
18 जून, रात्री 8:45

मी पुण्यात महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. भोईदादांनी जे सांगितलं त्यात एका अक्षराची दुरुस्ती करायची गरज नाही. फक्त त्यांना आणि बाईंना एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती त्यांच्या चौथ्या रकान्याशी जोडलेली आहे.

मळ्याचं शास्त्रीय नाव आहे गारा मुल्या. हे 'मुल्या' लॅटिन नाही, ग्रीक नाही. ते मराठी आहे. कर्नल साईक्स नावाचा एक इंग्रज अधिकारी 1820 च्या दशकात मुंबई सरकारच्या चाकरीत दख्खनभर फिरला. त्याचं काम आकडेवारी गोळा करायचं होतं, पण पक्षी, प्राणी, मासे यांचाही त्याला नाद होता. नद्यांवर मासे मारणाऱ्यांकडून त्यानं मासे घेतले, नावं विचारली, आणि त्यांनी सांगितलेली नावं आपल्या कानाला ऐकू आली तशी रोमन लिपीत लिहून माशांना देऊन टाकली. 1839 मध्ये ती लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या इतिवृत्तात छापली गेली. कोळशीचं 'कोलस', मुऱ्याचं 'मुरेह', नाकाडावर शिंगासारखा उंचवटा असणाऱ्या माशाचं 'नुकटा'. आणि आपल्या महाशीरचं, खडशीचं, 'खुद्री'. टोर खुद्रीचा मूळ नमुना पुण्याच्या पूर्वेला साताठ मैलांवर मुळा-मुठेतून घेतलेला आहे. आज जगात कुठल्याही देशातला अभ्यासक या माशांबद्दल लिहितो तेव्हा त्याला आपल्या नदीकाठचा शब्द लिहावा लागतो.

पण ते शब्द ज्यांनी सांगितले, त्या माणसांपैकी एकाचंही नाव त्या शास्त्रीय नावांत उरलेलं नाही. बाई, तुम्ही चौथा रकाना आखलात. तो कधी गाळू नका.

एक सूचना जातीच्या बाबतीत. सह्याद्रीत गारा वंशाच्या अनेक जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणींना लोक मळ्याच म्हणतात. फोटोवरून नेमकी जात मी सांगणार नाही. तो मळ्या आहे, सकर नाही, एवढं मात्र मी सही करून देईन. वहीत 'मळ्या' लिहा. तेच नाव पुरेसं आहे आणि तेच जुनं आहे.

मुलांना आणखी एक दाखवा. गावातल्या विहिरीत किंवा पाण्याच्या हौदात बोटाच्या पेराएवढे मासे असतील, नर रंगीत शेपटीचे आणि माद्या मोठ्या, करड्या, पोटाशी काळसर डाग असलेल्या. ते गप्पी. दक्षिण अमेरिकेकडचे, डासांच्या अळ्या खातात म्हणून आपल्याकडं सोडलेले. अंडी घालत नाहीत, पिल्लंच देतात. हौदात असू द्यात, पण पोरांनी हौसेनं ते ओढ्यात नेऊन सोडू नयेत. सकरही असाच कुणाच्या तरी घरच्या काचेच्या टाकीतून नदीत आला.

दिवाळीनंतर सहल काढलीत तर वरंधा घाट उतरून महाडकडं जा. काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथले मासे वरदायिनी देवीचे म्हणून कुणी त्यांना हात लावत नाही. चुरमुरे टाकले की खडशी वर येतात. मोठी खवलं, जाड ओठ, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. पोरांना काठावर बसून, न धरता, मासा ओळखता येईल.

---

हिरडसमावळ
20 जून, रात्री 9:50

सगळ्यांचे मनापासून आभार. डोंगरवाटा, तुम्ही परत येऊन लिहिलंत त्याचे विशेष.

काल मधल्या सुट्टीत आम्ही लोणच्याची काचेची बरणी घासूनपुसून नेली. भोईदादांनी सांगितलं तसंच केलं. पोरांनी एक मळ्या धरला, बरणीत सोडला, तो काचेला चिकटला. एकवीस डोकी त्या बरणीभोवती. आतून चकती दिसली. शर्टाच्या बटणाएवढी, कडेला बारीक झालर, मध्ये फिकट गुलाबी. त्याच्या पुढं तोंड हलत होतं, काच खरवडत होतं. मागच्या वेळी माझ्याकडं बघणारी पाचवीतली मुलगी म्हणाली, "बाई, तो काच चाटतोय." मग तिनंच बरणी दोन्ही हातांनी उचलून पाण्यात तिरकी केली. तो लगेच गेला नाही, थोडा वेळ काचेलाच धरून राहिला, मग सुटला आणि दगडाखाली गेला.

त्या तरुणालाही बोलावलं होतं. तो आला, बघितलं, गप्प उभा राहिला. जाताना म्हणाला, ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर टाकतो, बाकीच्यांनाही कळू दे.

संध्याकाळी शाळेशेजारच्या आजींना मासा दाखवला, फोटोतच. त्या चुलीपाशी बसल्या होत्या. फोन लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, "मळ्याच की. ह्यात विचारायचं काय?" सत्तर पावलांवर उत्तर बसलं होतं आणि मी त्यांना विचारलंच नव्हतं. पान 61 वर नाव लिहिलं: मळ्या. चौथ्या रकान्यात दोन नोंदी: भीमेवरचे भोईदादा, आणि शाळेशेजारच्या आजी. खाली पोरांनी आपणहून एक ओळ वाढवली आहे: 'आम्ही सहा मारले. माहीत नव्हतं.' मी ती खोडायला सांगितली नाही.

पान 47 वर आता 'डबल तगर' आहे. चौथ्या रकान्यात तिसरीतल्या त्या मुलाचं नाव घातलं, परसदार ताईंच्या आधी. तो दोन दिवस ते पान सगळ्यांना उघडून दाखवतोय. ताई, अनंताची फांदी घ्यायला मी रविवारी वाईला येऊ शकते.

---

परसदार
21 जून, सकाळी 6:40

या. सकाळीच या, फुलंही बघून होतील. पत्ता निरोपातून कळवते. ओल्या फडक्यात गुंडाळून देते, घाटात वाळणार नाही.

---

हिरडसमावळ
9 जुलै, दुपारी 4:15

न्हाणीमागं पानं आली. तीन सुरनळ्या, सगळ्यात उंच वीतभर. आज पाऊस उघडला तेव्हा वर्गच घेऊन गेले. एक पान अर्धं उलगडलं होतं, वरून हिरवं, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना फिकट पट्टे. चौथीतून पाचवीत गेलेली ती मुलगी चिखलात बसली आणि पान दोन बोटांनी अलगद उलटं केलं. खालची बाजू जांभळी होती. अगदी वांग्याच्या सालीची.

आजी न्हाणीच्या दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, आजी, तुमचा भुईचाफा. त्या म्हणाल्या, "माझा कुठला, सासूनं लावलेला." तेव्हा पोरीनं विचारलं, बाई, मग चौथ्या रकान्यात आजीचं नाव लिहू की आजीच्या सासूचं? दोघींची लिहिली.